विद्येचे गाव आणि भोवतालचा मुलूख : मुरुड-जंजिऱ्याच्या निमित्ताने

१

विद्यालये व महाविद्यालये असलेले गाव भोवतालच्या मुलखाहून संस्कृतीने निराळे असते, असे विधान आपल्याकडील समाजविषयक व वाङ्मयविषयक लेखनात वारंवार आढळते. विधान खोटे नाही. परंतु त्यातील 'निराळे' ह्या शब्दाने नेमके काय सांगितले जाते, ह्याची चौकशी क्वचितच होते. बहुधा लेखकाच्या मनात दिवा आणि भोवतालचा अंधार असे चित्र असते. गावात ग्रंथालय, व्याख्यानमाला, वृत्तपत्रे व नाटके. गावाबाहेर शेत, डोंगर, खाडी आणि निरक्षरता. जे काही संस्कृती म्हणून मोजण्यासारखे आहे ते गावात जास्त व बाहेर कमी, इतकाच ह्या चित्राचा अर्थ. म्हणजे जो भेद प्रकाराचा असण्याचा संभव आहे, तो आपण मोजमाप न करताच परिमाणाचा ठरवून टाकतो. प्रस्तुत लेखात ह्या चित्राची परीक्षा करावयाची आहे, आणि ती मुख्यतः भाषेच्या बाजूने करावयाची आहे.

परीक्षेसाठी रायगड जिल्ह्यातील मुरुड घेतले आहे. हे गाव निवडताना एका गैरसमजाचे निरसन प्रथम केले पाहिजे. मराठी शिक्षणाच्या इतिहासात मुरुड हे नाव आले की वाचकास महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. कर्व्यांचे मुरुड निराळे. ते रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात आहे. परीक्षेस बसण्यासाठी कोवळ्या वयात ते तेथून साताऱ्यापर्यंत पायी गेले व वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठविले गेले, ही हकीकत त्यांच्या १९१५ च्या 'आत्मवृत्ता'मुळे सर्वपरिचित आहे. आपल्या विवेचनाचे मुरुड जंजिरा किल्ल्यासमोरचे, सिद्दी नवाबांच्या संस्थानाची राजधानी असलेले मुरुड होय. ह्या दोन गावांच्या नामसाम्यात एक बोधप्रद गोष्ट आहे. शिक्षणासाठी गाव सोडून गेलेल्या माणसाचे मुरुड आपल्या लक्षात राहिले. शिक्षण ज्या गावात प्रत्यक्ष दिले गेले व आजही दिले जाते, ते मुरुड मराठी वाङ्मयविचारात जवळजवळ अनुपस्थित आहे. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ स्थानिक अभिमानाचा नाही.

२

शिक्षण आणि मुलूख ह्यांचा संबंध मराठी कादंबरीने हाताळला नाही, असे कोणी म्हणणार नाही. उलट स्वातंत्र्योत्तर काळातील काही महत्त्वाच्या कृती ह्याच संबंधावर उभ्या आहेत. त्यांकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहावे असे सुचवावेसे वाटते. ती दृष्टी म्हणजे प्रवासाच्या दिशेची. विद्या आणि मुलूख ह्यांपैकी कोण कोणाकडे जाते, हे पाहिले असता चार दिशा स्पष्ट होतात.

पहिली दिशा व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दिसते. तेथे शाळा मुलखाकडे जाते. तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर येतो, आणि शिकविण्यापूर्वी त्यालाच पुष्कळ शिकावे लागते. त्याची शाळा वस्तीच्या जीवनात कशीबशी जागा मिळविते. शेवटी दुष्काळ वस्तीच उठवितो. दुसरी दिशा श्री. ना. पेंडश्यांच्या 'रथचक्रा'त (१९६२) आहे. तेथे मुलूख शाळेकडे जातो. कोकणातील एक स्त्री मुलांनी शिकावे ह्या एकाच ध्यासाने एकत्र कुटुंबाचे घर सोडते, आणि त्या ध्यासाची किंमत तिला आयुष्यभर मोजावी लागते. तिसरी दिशा भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'ची (१९६३). खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या महाविद्यालयात येतो आणि पदवीचे संचित न घेता गावी परततो. चौथी दिशा त्याच लेखकाच्या 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) व 'झूल' (१९७९) ह्या कादंबऱ्यांत आहे. तेथे इंग्रजीचा अध्यापक असलेला चांगदेव पाटील एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जात राहतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही मालिका विशेष महत्त्वाची आहे, कारण मोफसल गावातील महाविद्यालय ही संस्था, तिच्यातील जातीपातींचे हिशेब, संस्थाचालकांचा वरचष्मा आणि अध्यापकांचे भाड्याच्या खोल्यांतील जीवन ह्यांचे इतके सविस्तर चित्रण मराठीत तत्पूर्वी झाले नव्हते. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांतील महाविद्यालयीन तरुणाला भोवतालचा मुलूख जणू असतच नाही. नेमाड्यांनी तो मुलूख वर्गात आणून बसविला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही ह्या चारही दिशांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक कृतीत कोणीतरी आपले ठिकाण सोडून दुसरीकडे राहावयास जातो: मास्तर, आई, विद्यार्थी वा अध्यापक. अंतर हे कथानकाचे बीज असते. गाव आणि मुलूख ह्यांतील भेद जाणवतो तो परक्या ठिकाणी मुक्काम केल्यामुळे. आता मुरुडसारख्या गावातील बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे पाहावे. तो कोठेही मुक्कामास जात नाही. सकाळी राजपुरीहून, आगरदांड्याहून, नांदगाव वा बोर्लीच्या बाजूने एस.टी.ने येतो, तास संपले की घरी परततो. त्याचे अंतर काही किलोमीटरांचे आहे. पण ते तो दिवसातून दोनदा कापतो, आणि वर्षानुवर्षे कापतो. सकाळी एका बोलीतून निघून तो दुसऱ्या भाषेत पोहोचतो व दुपारी उलट प्रवास करतो. ही पाचवी दिशा होय. आजच्या महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलामुलींची सर्वांत परिचित अवस्था हीच आहे, आणि आपल्या कादंबरीने व समीक्षेने तिच्याकडे जवळजवळ पाहिलेले नाही. मुलींच्या बाबतीत तर ती अधिकच महत्त्वाची, कारण दूरच्या वसतिगृहात मुलगी न पाठविणारे घर तिला तालुक्याच्या गावी एस.टी.ने जाऊ देते. गावात महाविद्यालय आहे म्हणूनच जिला पदवी मिळाली, अशा स्त्रीचा सांस्कृतिक इतिहास 'कोसला'च्या साच्यात बसत नाही.

३

मुरुड भोवतालच्या मुलखाहून निराळे झाले ते महाविद्यालयामुळे नव्हे. त्याचे वेगळेपण त्याआधीचे आहे, आणि ते दरबाराने घडविलेले आहे. जंजिरा संस्थान लहान होते. शतकाच्या आरंभीच्या सरकारी नोंदीप्रमाणे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौरस मैल व १९०१ ची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. काठेवाडातील जाफराबाद त्याच्या अखत्यारीत होते. कोळी, आगरी, कुणबी, माळी, कातकरी, कोकणी मुसलमान अशा नाना समाजांची वस्ती, आणि त्यांवर आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घराण्याची सत्ता, अशी ह्या मुलखाची रचना. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचा भाग झाले; त्या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हे नाव आहे.

ह्या राजधानीचा वाङ्मयीन संबंध होता, आणि तो लहानसहान नव्हता. फक्त तो मराठीशी नव्हता. नवाब सर सिदी अहमदखान यांची बेगम नाझली ही मुंबईच्या तय्यबजी-फैजी परिवारातील. तिची धाकटी बहीण अतिया फैजी (१८७७–१९६७) हिचे जंजिऱ्यास येणेजाणे व राहणे असे. अतियाने १९०६-०७ मधील आपल्या लंडनच्या विद्यार्थिदशेची रोजनिशी उर्दूत प्रसिद्ध केली. 'जमाना-ए-तहसील' ह्या नावाने ती १९२१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. नाझली बेगमेनेही १९०८ च्या यूरोप-प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. शिबली नोमानींसारख्या थोर पंडिताचा ह्या परिवाराशी स्नेह होता. महाकवी इकबाल यांची अतियेस लिहिलेली पत्रे तिने १९४७ मध्ये प्रकाशित केली, आणि इकबालांना जंजिऱ्यास येण्याचा आग्रह होत असे हे त्या पत्रव्यवहारावरून दिसते. म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, स्त्रीशिक्षणाचा ऊहापोह उर्दूत चालू असताना, जंजिऱ्याचे नाव उत्तर हिंदुस्थानातील सुशिक्षित घरांत परिचित होते. उर्दू वाङ्मयाच्या इतिहासात ह्या राजवाड्याला जागा आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याच गावाला नाही. एकाच जागेचे हे दोन इतिहास परस्परांना ओळखत नाहीत.

रॉबर्ट रेडफील्ड व मिल्टन सिंगर यांनी १९५४ मध्ये नगरांच्या सांस्कृतिक कार्याविषयी जो प्रबंध लिहिला, त्यात त्यांनी नगरांचे दोन प्रकार कल्पिले. मुलखातील जुन्या संस्कृतीलाच संस्कार देऊन तिची मोठी परंपरा घडविणारे नगर हा एक; बाहेरचे विचार आणून जुन्याशी संघर्ष निर्माण करणारे नगर हा दुसरा. पहिल्यास स्वोद्भव व दुसऱ्यास परोद्भव म्हणता येईल. विद्येच्या गावाविषयी आपण बोलतो तेव्हा ह्या दोहोंपैकी एक कार्य ते करीत असेल असे गृहीत धरतो. मुरुडच्या दरबाराने दोन्ही केले नाही. मुलखातील कोळ्यांची गाणी, नारळी पौर्णिमेचा विधी, कुणब्यांचे नमन, ह्यांतून त्याने मोठी परंपरा घडविली नाही. आणि लंडन-लखनौचे विचार राजवाड्यात आले ते मुख्यतः राजवाड्यातच राहिले. ह्याचा दोष कोणा व्यक्तीस द्यावयाचा नाही. मुद्दा एवढाच की एखाद्या गावात उच्च संस्कृती नांदणे आणि तिचा भोवतालच्या मुलखाशी व्यवहार असणे, ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दिव्याच्या चित्रात त्या एकच समजल्या जातात.

ह्या व्यवहाराची खरी सुरुवात शाळेने केली. सर एस. ए. हायस्कूल आजही नवाबाच्या नावाने ओळखले जाते. ह्या मुलखातून शिकलेला तरुण पुढे कोठे गेला, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. तो मुंबईस गेला. कोकणचे खरे विद्यापीठीय नगर दीर्घ काळ मुंबई हेच होते. किनाऱ्यावरची शाळा ही तेथे जाण्याच्या वाटेवरचा धक्का होती. धक्क्यावर माणसे जमतात पण राहत नाहीत. रत्नागिरीस १९४५ मध्ये महाविद्यालय निघाले, दापोलीस १९७२ मध्ये कृषि विद्यापीठ झाले, रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. मुरुडातही वसंतराव नाईक महाविद्यालय आणि अंजुमन इस्लाम जंजिरा संस्थेचे विज्ञान महाविद्यालय अशा संस्था आहेत. २०११ च्या जनगणनेत सुमारे बारा हजार वस्तीच्या ह्या गावाला पदवीपर्यंतचे शिक्षण आपल्याच हद्दीत मिळू लागले, ह्याचे सांस्कृतिक महत्त्व इमारतींच्या आकारावरून मोजता येणार नाही. विद्यार्थ्याने घर न सोडता पदवीधर होणे ही किनाऱ्याच्या इतिहासातील नवी घटना आहे.

४

घर न सोडता शिकणाऱ्या ह्या विद्यार्थ्याच्या भाषेकडे आता वळू.

उत्तर कोकणच्या बोलींची पद्धतशीर नोंद ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) आहे. आगरी, कोळी, कुणबी इत्यादींचे नमुने त्यात दिले आहेत. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी मालिका सिद्ध केली, तिच्या तिसऱ्या भागात (१९६६) महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन आले. ह्या नोंदींवरून एक गोष्ट निर्विवाद होते. आगरी-कोळी बोलणारा 'पानी' म्हणतो, 'काला' म्हणतो, 'घोरा' म्हणतो, 'मला' ऐवजी 'मना' म्हणतो, बापाला 'बापूस' व आईला 'आवस' म्हणतो, ते मनास येईल तसे नव्हे. णकाराच्या जागी नकार, ळकाराच्या जागी लकार, दोन स्वरांमधील डकाराच्या जागी रकार, हे सारे नियमाने होते. नियम असणे हे भाषेचे लक्षण होय; नियमभंग ही चूक. ह्या बोलीत चुका होतात, पण त्या तिच्या स्वतःच्या नियमांच्या भंगाने होतात. 'पानी' म्हटल्याने नव्हे.

एवढे भाषाशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक आहे. मुरुड जे अधिक शिकविते ते असे. ह्या गावात मराठी माध्यमाबरोबर उर्दू माध्यमाच्या शिक्षणाचीही परंपरा आहे. उर्दूतून शिकणाऱ्या कोकणी मुसलमान मुलाची घरची बोली उर्दू नाही. ती मराठी-कोकणी कुळातीलच बोली आहे. अरबी-फारसी शब्द तिच्यात अधिक असतील, पण तिची रूपरचना ह्या किनाऱ्याची आहे. म्हणजे शेजारच्या दोन वस्त्यांतील दोन मुले घरून जवळजवळच्या बोली घेऊन निघतात. एक मराठी शाळेत जातो, दुसरा उर्दू शाळेत. दोघांनाही घरी न बोलली जाणारी भाषा शाळेत आत्मसात करावी लागते. दुसऱ्याचे अंतर पहिल्याहून अधिक आहे, हे उघड आहे.

असे असता दोघांच्या बोलींची संभावना कशी होते? उर्दू शाळेतील मुलाची बोली अशुद्ध उर्दू आहे, असे त्याचा शिक्षक समजत नाही. ती वेगळी भाषा आहे, घरी बोलावी, शाळेत उर्दू बोलावी, एवढ्यावर तो प्रश्न मिटतो. कोळ्याच्या मुलाची बोली मात्र वेगळी न ठरता अशुद्ध मराठी ठरते. ज्याला कमी अंतर कापावयाचे आहे त्याच्या पदरी अधिक हीनत्व येते. दूरची भाषा वेगळी म्हणून मान्य होते. जवळची भाषा चूक म्हणून अमान्य होते. विद्येचे गाव आणि भोवतालचा मुलूख ह्यांतील ज्या सांस्कृतिक भेदाविषयी आपण बोलतो, त्याचा मोठा भाग ह्याच व्यवहारातून निर्माण होतो असे मला वाटते. गावाने मुलखाला अंधार ठरविले आहे ते मुलूख परका आहे म्हणून नव्हे. तो फार जवळचा आहे, आणि जवळचा असूनही सारखा नाही, म्हणून.

चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ मध्ये द्विस्तरीय भाषाव्यवहाराची जी सुप्रसिद्ध संकल्पना मांडली, ती येथे उपयोगी पडते. अधिक उपयोगी पडते ती तिची मर्यादा. अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन व हैतीची क्रेओल ही त्याची चार उदाहरणे. ह्या व्यवस्थेत वरच्या स्तराची भाषा शाळा, ग्रंथ व व्यासपीठ ह्यांसाठी असते, आणि समाजातील कोणताही वर्ग ती घरच्या संभाषणासाठी वापरीत नाही. झुरिकमधील श्रीमंत पेढीवाला व त्याचा नोकर दोघेही घरी स्विस जर्मनच बोलतात. दोघांच्याही मुलांना प्रमाण जर्मन शाळेतच शिकावी लागते. प्रमाणभाषेचे ओझे तेथे सर्वांच्या डोक्यावर सारखे आहे, म्हणून ते अपमानकारक नाही. मराठीची स्थिती वरवर पाहता अशीच दिसते, पण तिच्यात एक निर्णायक फरक आहे. मराठीची प्रमाणभाषा काही थोड्या घरांतील नित्याच्या बोलण्याशी बव्हंशी जुळते. त्या घरातले मूल शाळेत येते तेव्हा त्याची अर्धी वाट घरीच कापून झालेली असते. आणि ते घरचेच बोलते ह्याला आपण त्याचे भाषाप्रभुत्व म्हणतो. कोळीवाड्यातील मूल तीच वाट पायाने चालून येते आणि आपण त्याच्या पायांना लागलेली धूळ मोजतो.

ह्या व्यवहाराचा परिणाम उत्तरपत्रिकांत दिसतो. णकार गाळल्याबद्दल वारंवार टोकलेला विद्यार्थी पुढे नको तेथेही णकार घालू लागतो. 'मन'चे 'मण' होते. भाषाशास्त्र ह्याला अतिशुद्धी म्हणते, आणि तिचे कारण अज्ञान नसून भय असते. गेली कित्येक वर्षे पदव्युत्तर वर्गांच्या उत्तरपत्रिका तपासताना मीही अशा शब्दांखाली तांबडी रेघ ओढीत आलो आहे. रेघ ओढणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण ती रेघ नेमके काय सांगते, ह्याचा विचार मी फार उशिरा केला, हे कबूल केले पाहिजे. 'ही लेखनाची रूढी नव्हे' आणि 'तुझ्या घरी चुकीचे बोलतात' ही दोन विधाने त्या एकाच रेघेत सामावतात, आणि विद्यार्थी बहुधा दुसरेच वाचतो.

मोल्सवर्थच्या कोशाचे येथे स्मरण होते. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. कोकणात चालणाऱ्या शब्दांपुढे त्या कोशात कोकणची खूण केलेली आढळते. हा शब्द अमुक प्रांतात चालतो, एवढेच ती खूण सांगते. शब्द हीन आहे असे सांगत नाही. परदेशी कोशकाराने जी खूण स्थळाची म्हणून केली, तिची आपल्या विद्यापीठीय व्यवहारात दोषाची खूण झाली. भांग व उधाण ह्या शब्दांनी समुद्राच्या भरतीचे बारीक भेद सांगणारा, तांडेल व खलाशी ह्यांच्या कामांतील फरक जाणणारा, डोल जाळे कोणत्या पाण्यात लावावे हे बापाकडून शिकलेला विद्यार्थी आपल्या वर्गात मुका बसतो, आणि आपण त्याची शब्दसंपत्ती तोकडी असल्याचा शेरा मारतो. तोकडी आहे ती आपल्या मोजमापाची पट्टी.

५

ह्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो बाजूस सारण्यासारखा नाही. प्रमाणभाषा हेच खालच्या थरांतील मुलाचे वर चढण्याचे साधन होय. बोलीचे कौतुक करून तुम्ही त्याला खालीच ठेवणार काय, असा तो आक्षेप. बोलींचे गोडवे प्रमाणभाषेत गाणारे आपण स्वतःच्या मुलांना मात्र इंग्रजीत शिकवितो, ही टीकाही त्याला जोडून येते व ती रास्त आहे. मुरुडच्या विद्यार्थ्याला मुंबईत नोकरीच्या मुलाखतीस बसावयाचे आहे. तेथे 'मना' म्हणून चालत नाही, हे त्याला आपल्याहून चांगले कळते.

आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे, आणि आजच्याहून अधिक चांगली शिकविली पाहिजे. प्रश्न आहे तो ती कशाच्या जागी शिकवावयाची हा. उर्दू शाळेतील मुलाचे उदाहरण ह्याच कारणासाठी मोलाचे आहे. त्याला उर्दू शिकविताना त्याची घरची बोली खोडावी लागत नाही. तिच्या शेजारी उर्दू ठेवली जाते. मराठी शाळेतील मुलाला प्रमाण मराठी तशीच, शेजारी ठेवून, शिकविता येईल. 'पानी' हे चूक व 'पाणी' हे बरोबर असे सांगण्याऐवजी, तुमच्या बोलीत जेथे न येतो तेथे लेखनाच्या भाषेत कोठे ण येतो व कोठे नच राहतो, हे नियम म्हणून सांगता येते. ही दयेची गोष्ट नव्हे. अध्यापनाची अधिक कार्यक्षम रीत हीच आहे, कारण विद्यार्थ्यापाशी आधीच असलेले ज्ञान ती वापरते. बोलीचे कौतुक करून थांबणारा अध्यापक आणि बोलीवर रेघ ओढून थांबणारा अध्यापक, दोघेही हे काम टाळतात.

दुसरा एक आक्षेप सूक्ष्म आहे. रस्ते, पूल, दूरचित्रवाणी व खिशातला फोन ह्यांनी गाव व मुलूख ह्यांतील अंतर मिटत चालले असता हा भेद आता उरला आहे काय? वस्तूंच्या बाबतीत तो पुष्कळ मिटला आहे, हे खरे. पर्यटनाने मुरुड-काशीदच्या किनाऱ्याचे रूप पालटले आहे, आणि कोळीवाड्यातील तरुणाच्या हातात जगाची बातमी आहे. परंतु प्रतिष्ठेचा भेद वस्तूंनी मिटत नाही. उलट अंतर जितके कमी होते तितकी 'चूक' अधिक डोळ्यांत भरते. जवळीक हेच जर हीनत्वाचे मूळ असेल, तर जवळीक वाढल्याने ते आपोआप नष्ट होणार नाही.

६

मुरुडच्या उदाहरणावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. विद्येचे गाव मुलखाहून निराळे असते ते संस्कृतीच्या अधिकउणेपणाने नव्हे. तेथे कोणती भाषा लिहिली जाते आणि कोणती लिहिण्यास अपात्र ठरते, ह्या निवडीने ते निराळे होते. ही निवड महाविद्यालयाने प्रथम केलेली नसते. मुरुडात दरबाराने ती आधीच एका रीतीने केली होती, आणि महाविद्यालयाला ती बदलण्याची संधी प्राप्त झाली आहे. शेवटी, गाव व मुलूख ह्यांमधील सीमारेषा वेशीवर नाही. ती रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यातून जाते, आणि म्हणून तिचा अभ्यास त्याला वगळून होऊ शकत नाही.

ह्यातून आपल्या विभागांपुढे काही कामे उभी राहतात. आपले पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधिकेसाठी विषय शोधताना बहुधा प्रकाशित ग्रंथांकडे वळतात. आपल्याच घरच्या बोलीचे वर्णन हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो, असे त्यांना सुचत नाही, कारण आपण सुचवीत नाही. घाटग्यांनी महाडपर्यंत आणून सोडलेली वाट राजपुरी-एकदऱ्याच्या कोळीवाड्यांपर्यंत नेणारा अभ्यासक बाहेरून यावा लागणार नाही; तो वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलेला असण्याचा संभव आहे. जंजिऱ्याच्या राजवाड्यातील उर्दू लेखन आणि त्याच मुलखातील मौखिक मराठी ह्यांना एका इतिहासात आणण्यासाठी मराठी व उर्दू विभागांनी एकत्र बसण्यास अडचण काय आहे, तेही पाहावे. उत्तरपत्रिका तपासताना लेखनरूढीचा दोष व विचाराचा दोष ह्यांचे गुण स्वतंत्रपणे मांडण्याची प्रथा तर उद्यापासूनही सुरू करता येईल. तीस कोणाच्या अनुदानाची गरज नाही.

पहिल्या मुरुडातील मुलाला साताऱ्याच्या परीक्षाधिकाऱ्यांनी परत पाठविले होते, ते तो लहान दिसतो म्हणून. दुसऱ्या मुरुडातून येणारा विद्यार्थी आज परीक्षेस बसतो, उत्तीर्णही होतो. परंतु त्याने घरून आणलेली भाषा आपण दारातच परत पाठवितो, आणि तिच्याही बाबतीत कारण बव्हंशी तेच असते: ती लहान दिसते.